यंदा नाताळ साधाच करू बाप्पा!

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. उपासना संपलेली, मंडळी चर्चच्या आवारात उन्हाला पाठ देऊन चहा पिते आहे. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "यंदा नाताळ साधाच करू बाप्पा. लय दगदग होते, पैसाही जाते, आन् कचरा पाहा किती निंगते." सगळ्या माना डोलतात. पाळकसाहेबांचीसुद्धा.

इथवर सगळं छान. घोटाळा त्यापुढच्या वाक्यात असतो. "फराळ बाजारचा नाही, घरीच करू. सजावट जुन्या पेपरांची करू. गिफ्टच्या पिशव्या जुन्या साड्यांच्या शिवू." म्हणजे यादीतलं कमी काहीच झालं नाही, उलट तीन कामं वाढली. साध्या नाताळाची ही गंमत आहे. थाटाच्या नाताळाला पैसा लागतो, साध्याला माणसं लागतात. ती माणसं म्हणजे घरातल्या दोन बायका आणि सुटीवर आलेला एक पुतण्या. पुतण्याला सेलोटेपचं टोक सापडत नाही.

मुळात आमचा मराठी ख्रिस्ती नाताळ म्हणजे दोन सण एकावर एक रचलेले. खाली दिवाळीचा अख्खा फराळ, वर साहेबाचा केक, झाड, चांदणी, सांता. या ओझ्याचं खापर मिशनऱ्यांवर फोडायची सोय नाही. नागपुरात स्टीफन हिस्लॉप आले ते १८४५ साली आणि आले स्कॉटलंडहून. तिथल्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या लोकांना नाताळाचं वावडंच होतं. १६४० साली त्यांच्या पार्लमेंटाने नाताळची सुटी कायद्याने बंद केली आणि तिकडे नाताळला सार्वजनिक सुटी मिळायला १९५८ साल उजाडलं. म्हणजे आम्हाला धर्म शिकवायला आलेली माणसं पंचवीस डिसेंबरला बहुधा कामावर जाणारी होती. करंज्या, चकल्या, अनारसे, चिवडा आणि वर "पाहुणे काय म्हणतील" हा सगळा ऐवज आमचा स्वतःचा.

तेव्हा कापाकापी फराळापासूनच सुरू करावी लागते, आणि पहिला बळी अनारशांचा द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी निथळून सावलीत कापडावर पसरायचे, थोडे दमट असतानाच कुटून पीठ चाळायचं, जवळजवळ तेवढाच गूळ घालून गोळा चार-पाच दिवस डब्यात मुरवायचा. म्हणजे पंचवीस तारखेच्या अनारशाची सुरुवात पंधराच्या आसपास. एवढं करून गूळ चिमूटभर जास्त झाला की अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरघळून कढईभर पसरतो. मग त्यात तांदळाची कोरडी पिठी मिसळून पुन्हा एक दिवस थांबायचं. गोळा कोरडा पडला तर दुधाचा हबका किंवा केळ्याचा तुकडा. आणि हे सगळं कुणासाठी? घरात अनारसे खाणारे दोघं, त्यातल्या एकाला शुगर.

काय कापायचं हे मनाने ठरवू नये. गेल्या वर्षी जानेवारीत डब्यांच्या तळाशी काय उरलं होतं ते आठवावं. बहुतेक घरांत उत्तर एकच येतं: शंकरपाळे, आणि शेंगदाणे वेचून घेतलेला चिवडा. हे दोन्ही बंद. करंजी राहू द्या, करंजीशिवाय आजी नाताळ मानत नाहीत. चकली राहू द्या, कारण चहाबरोबर तीच संपते. किलोभर भाजणीला सव्वाशे मिलीच्या आसपास कडकडीत तेलाचं मोहन. कमी पडलं तर चकली दाताला लागते, जास्त झालं तर तेलात तुटते. चकली मऊ पडली तर दोष बहुतेक वेळा भाजणीचा नसतो. तेल पुरेसं तापायच्या आत घाईने घाणा सोडलेला असतो, किंवा बुडबुडे थांबायच्या आत बाहेर काढलेला असतो.

आता ताटांचा हिशेब. दिवाळीत ज्या ज्या घरून फराळाचं ताट आलं, त्या त्या घरी नाताळात ताट जायलाच पाहिजे. हा अलिखित कायदा सदरपासून मोहननगरपर्यंत आणि पुढे जरीपटक्यापर्यंत लागू आहे. पंधरा घरं आणि ताटात चार-चार करंज्या धरल्या तर साठ झाल्या. किलोभर मैद्याच्या, वीस ग्रॅमच्या लाटीने, पाऊणशेच्या आसपास करंज्या होतात. उरल्या पंधरा, त्यात फुटलेल्या चार. यादीत एक पदार्थ वाढवला की पंधरा ताटांत तो वाढतो, हे लक्षात न घेता वहिनी सहज म्हणून जातात, "थोडे चिरोटे पण करून टाकू ना."

खरी गोष्ट अशी की शेजारच्या देशमुखकाकूंना आपली करंजी नकोच असते. त्यांच्या घरी दिवाळीत तीच झाली, आपल्यालाही तीच दिली होती. त्या वाट पाहतात केकची. तेव्हा ताटातून सगळा फराळ काढा आणि प्रत्येक घरी फक्त केक द्या, दोनशे ग्रॅमचा एक तुकडा. पंधरा घरांना तीन किलो केक झाला. दोन दुपारी, चार डबे, काम संपलं. स्टीलच्या डब्यात द्या. प्लास्टिकचा डबा परत येत नाही. स्टीलचा येतो, आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे रिकामा येत नाही. म्हणजे जानेवारीत आठवडाभर तिळाच्या लाडवांची सोय.

फक्त काकू दारातच विचारतात, "अंडं तं नाही ना टाकलं?" इथे भले भले दोन प्रकारचे केक करायला घेतात आणि साधेपणा तिथेच संपतो. वाटायचा केक सरसकट बिनअंड्याचा करावा. कंडेन्स्ड मिल्कचा चारशे ग्रॅमचा एक डबा, पाव किलो मैदा, सव्वाशे ग्रॅम बटर, दोन चमचे बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, आणि मिश्रण सैल होईल इतकं दूध. संत्र्याचा रस घालायचा मोह नागपुरात होणारच. पण रस दुधात आधीच ओतला तर दूध फाटतं आणि सोड्याशी भेटला की लगेच फेसाळतो. तो सगळ्यात शेवटी, भांडं आचेवर चढवायच्या तोंडावर घालायचा. खरं तर रसापेक्षा किसलेली साल बरी. वास तिचाच असतो.

घरचा केक मात्र अंड्याचाच हवा. त्याचं माप पाठ करायला सोपं: पाव किलो मैदा, पाव किलो बटर, पाव किलो साखर, चार-पाच अंडी, तीनशे ग्रॅम सुकामेवा. मेवा ऑक्टोबरपासून रममध्ये भिजवायचा ही जुनी रीत. रममध्ये मुरलेला केक टिकतो म्हणून ती आली. पण आपला केक नव्या वर्षापर्यंत टिकतो कुठे? तो घरच्यांच्याच हातून सत्तावीसला संपतो. मग दीडशे मिली कोमट संत्र्याच्या रसात मेवा रात्रभर भिजवला तरी पुष्कळ. हा केक मात्र चार-पाच दिवसांत संपवायचा, पुढे त्याला बुरशी धरते. मेवा निथळून, दोन चमचे मैद्यात घोळून मग मिश्रणात घालायचा. ओला घातला की सगळे बेदाणे तळाला जाऊन बसतात आणि वरचा अर्धा केक म्हणजे नुसता पाव. काळा रंग जळक्या साखरेचा. शंभर ग्रॅम साखर कोरडीच वितळवायची, गडद तपकिरी झाली की गॅस बंद करून गरम पाणी हळूहळू घालायचं. गार पाणी ओतलं तर हातावर उडतं. धूर निघेपर्यंत थांबलं तर केक कडू होतो, आणि पाहुणे त्याला "वेगळीच चव आहे" म्हणतात.

नागपूरकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केक सकाळी करायला घेऊ नये. डिसेंबरात सकाळी पारा बारा-तेरावर असतो, ओट्यावरचं बटर दगड झालेलं असतं. ते साखरेबरोबर फेसत नाही, नुसते गोळे होतात, आणि फ्रीजमधली अंडी त्यात पडली की मिश्रण फाटल्यासारखं दिसतं. मग कुणीतरी बटर गॅसवर ठेवून वितळवतं. वितळलेल्या बटरमध्ये हवा भरली जात नाही, केक बसतो. दुपारी दोन वाजता आपल्याकडे सत्तावीस-अठ्ठावीस अंश असतात. बटर, अंडी, दूध सकाळीच बाहेर काढून ठेवावं आणि जेवणं झाल्यावर कामाला लागावं. एवढा एक बदल केला की निम्मे केक वाचतात.

भाजायला मोहल्ल्यातली बेकरी असेल तर उत्तम. पाव निघाल्यावर भट्टीत बरीच ऊब असते आणि काही बेकऱ्या अजून घरचे डबे भाजून देतात. डबा दोन तृतीयांशच भरायचा. त्यावर नावाची चिठ्ठी चिकटवू नये, ती जळते. डब्याच्या कडेला खिळ्याने खूण कोरावी. चोवीस तारखेला तिथे सगळे डबे सारखेच दिसतात, आणि आपल्या काजूंचा केक दुसऱ्याच्या घरी जाऊन त्यांचा टूटीफ्रूटीचा आपल्याकडे येतो. टूटीफ्रूटी म्हणजे पाकवलेली कच्ची पपई, हे कळल्यावर दुःख दुप्पट. बिनअंड्याचं सोड्याचं मिश्रण मात्र बेकरीत नेऊ नये. रांगेत अर्धा तास गेला की त्यातला वायू उडून जातो आणि हाती येतो ढोकळ्याचा गरीब भाऊ. तो घरीच, जुन्या जाड बुडाच्या कढईत. तळाशी मिठाचा थर, वर स्टँड, झाकण, दहा मिनिटं तापवून मग मंद आचेवर पाऊण ते एक तास. कुकर वापरणार असाल तर रिंग आणि शिट्टी दोन्ही काढून. पहिली पस्तीस मिनिटं झाकण उघडून पाहायचं नाही. आतली जाळी पक्की व्हायच्या आधी गार हवा लागली की मध्यभागी खड्डा पडतो. तो खड्डा क्रीमने बुजवायचा नसतो, पण सगळे बुजवतात.

टूटीफ्रूटी ऐवजी संत्र्याची साल पाकवणं हे मात्र मी यादीत ठेवेन, कारण साल एरवी ओल्या कचऱ्याच्या डब्यातच जाते. आपल्या संत्र्याची साल पातळ आणि सैल. आतला पांढरा थर कमी, म्हणून कडूपणाही कमी. स्टेशनजवळच्या संत्रा मार्केटातून आणलेली सहा संत्री, साल साधारण दोनशे ग्रॅम. संत्री आधी गरम पाण्यात चोळून धुवायची, वरून मेण लावलेलं असू शकतं. सालीच्या पट्ट्या पाच मिनिटं उकळून पाणी फेकायचं. असं दोनदा. मग सालीच्या वजनाइतकी साखर, निम्मं पाणी, मंद आच, साल पारदर्शक होईपर्यंत. शेवटी आच मोठी केली की पाक दाणेदार होतो आणि साल चिक्की. बस, एवढंच. याच सालीचा सफाईचा एन्झाइम करू, उटणं करू, मेणबत्त्या करू म्हणणाऱ्यांना चहा द्यावा आणि विषय बदलावा.

झाडाकडे वळू. तुमच्या माळ्यावर प्लास्टिकचं झाड असेल तर ते काढा, झटका, उभं करा. "प्लास्टिक वाईट" म्हणून ते भंगारात घालून कागदाचं नवीन घेणं म्हणजे जुना कचरा भांडेवाडीच्या डेपोला पाठवून नवीन कचऱ्याची सोय करणं. ते जितकी वर्षं वापराल तितकं स्वस्त. कुंडीतलं खरं झाड हवं असेल तर नर्सरीत "ख्रिसमस ट्री" म्हणून जे मिळतं ते अरॉकेरिया. ते मूळचं पॅसिफिकमधल्या नॉरफॉक बेटाचं. डिसेंबरात नागपुरात ते खूश असतं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत गच्चीवर राहिलं की जूनमध्ये झाडू. त्याला घरातला अंधार कोपराही चालत नाही. खालच्या फांद्या गळतात आणि एकदा गळलेली फांदी पुन्हा येत नाही. शेंडा मोडला तर कायमचं बेढब होतं. मग त्यापेक्षा मोरपंखी बरी. तिला काही होत नाही, ती स्वस्तात मिळते, आणि तिच्यावर टांगायला जागा कमी असल्यामुळे सजावटीचा खर्च आपोआप आटोक्यात राहतो.

सजावटीत दोनच वस्तूंवर माझा राग आहे. एक चमकी. ती म्हणजे बारीक केलेलं प्लास्टिक. ती झाडावरून गादीत, गादीतून जेवणात आणि तिथून ईस्टरपर्यंत घरात राहते. दुसरा थर्माकोलचा बर्फ. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर मार्च २०१८ पासून बंदी आहे, १ जुलै २०२२ पासून देशभर आहे, तरी गव्हाणीच्या देखाव्यावर तो पडतोच. बेथलेहेमच्या गोठ्यात बर्फ हवाच हा हट्ट कुठून आला देवजाणे. गोठ्याला तणस, म्हणजे भाताचा पेंढा लागतो, आणि भाताचे भंडारा-गोंदिया आपल्याला जवळ. मूठभर तणस, मातीच्या मूर्ती, झाला गोठा. जानेवारीत तणस कुंडीत.

लायटिंगवर मात्र लोक उगाच काटकसर करतात. एलईडीची पाच वॅटची माळ रोज सहा तास महिनाभर लावली तरी एक युनिट पुरं होत नाही. तिथे वाचवण्यासारखं काही नाही. जुन्या बारीक बल्बांच्या सिरीजमध्ये एक दिवा गेला की अख्खी रांग विझते, कारण वीज एकामागून एक सगळ्यांतून जाते. तो दिवा शोधण्यात पुरुषमंडळींची एक संध्याकाळ जाते, आणि ती जाऊ द्यावी, तेवढा वेळ स्वयंपाकघरात शांतता असते. दिवाळीची माळ आणि बाल्कनीतल्या कंदिलाची वायर काढायचा ज्यांनी आळस केला, त्यांचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. कंदील काढा, चांदणी लावा.

खरेदीला सदरला जायचंच असेल तर आठवड्याचा अंदाज घेऊन जा. १९५३च्या नागपूर कराराने आपल्याला विधिमंडळाचं वर्षातलं एक अधिवेशन दिलं. ते डिसेंबरात भरतं आणि सिव्हिल लाइन्सच्या बाजूने बॅरिकेड लागतात. एका चांदणीसाठी तीन मोर्चांना वळसा घालावा लागतो. खरेदी टाळायला याहून चांगलं निमित्त दुसरं नाही. मी तर म्हणेन, नाताळ साधा करण्यात शासनाचा हा मोठाच वाटा आहे. कपडे शिवायचे असतील तर टेलरकडे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत. त्यानंतर तो जे "चोवीसला घेऊन जा" म्हणतो, त्यात महिना सांगितलेला नसतो.

भेटवस्तूंचं गणित तर भीषण आहे. घरात बारा माणसं आणि प्रत्येकाने प्रत्येकाला काही द्यायचं तर एकशे बत्तीस वस्तू होतात. त्यातले तीसेक मग, वीसेक फोटोफ्रेम आणि बाकी रुमाल. चिठ्ठ्या टाकून एकाने एकालाच दिलं की बारात भागतं. तीनशे रुपयांची मर्यादा आधीच जाहीर करावी, नाहीतर पुण्याचे काका दोन हजारांचं घड्याळ आणतात आणि त्यांना मिळतो रुमाल. चिठ्ठ्यांत एक अडचण हमखास येते. कुणाला तरी स्वतःचंच नाव निघतं. हे नशीब नव्हे, गणित आहे. माणसं पाच असोत की पन्नास, निदान एकाला स्वतःची चिठ्ठी निघायची शक्यता साधारण त्रेसष्ट टक्के असते. मग सगळ्या चिठ्ठ्या परत गोळा करायच्या, तोवर तिघांनी आपापलं नाव बायकोला सांगून टाकलेलं असतं. त्यापेक्षा बारा नावांच्या चिठ्ठ्या ढवळून एका गोलात मांडाव्यात आणि प्रत्येकाने पुढच्याला द्यावं. स्वतःचं नाव यायचा प्रश्नच नाही. मांडणाऱ्याला सगळं गुपित कळतं. ते काम आत्याबाईंना द्या, त्यांना तसंही सगळं माहीत असतं.

वेष्टनाचा कागद चमकदार असेल तर तो मुठीत चुरगळून सोडा. चुरगळलेला राहिला तर कागद, पुन्हा उलगडू लागला तर त्यात प्लास्टिक आहे, रद्दीवाला घेणार नाही. साड्यांच्या पिशव्या शिवायला बसू नका. साडीच्या तुकड्यात गाठ मारून द्या.

कॅरल पार्टी हा वेगळाच विषय. तरुण संघाची पंचवीस पोरं रात्री आठला निघतात, प्रत्येक घरी दोन गाणी, आणि प्रत्येक घरी ताट. चौथ्या घरानंतर तार सप्तक लागत नाही, सातव्यानंतर खालचंही लागत नाही. तरी यजमानीण दारात उभी, "आमच्याच घरी काहून खाऊन नाही राहिले?" यावर एकच इलाज आहे: पाळकांनी आदल्या रविवारी घोषणा करायची. खाणं फक्त शेवटच्या घरी, बाकी सगळीकडे अर्धा कप चहा, आणि प्रत्येकाने आपला स्टीलचा पेला सोबत आणायचा. कागदी कपाला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, तो रद्दीतही जात नाही आणि कुजतही नाही. घोषणा तोंडी पुरत नाही, वॉर्डातल्या मोठ्या बायकांना वेगळं भेटून सांगावी लागते. नाहीतर "आमच्या घरी तं फक्त मटर-कचोरी ठेवली" असं निरागसपणे ऐकायला मिळतं.

पाहुण्यांची गर्दी पंचवीसलाच व्हायला पाहिजे हेही कुणी ठरवलं माहीत नाही. नाताळकाळ सहा जानेवारीपर्यंत, मागी राजांच्या सणापर्यंत चालतो. कुटुंब पंचवीसला, शेजारी सत्तावीसला, ऑफिसचे लोक एक तारखेनंतर, असं आधीच सांगून टाकलं की एका दिवशी साठ माणसांचा स्वयंपाक करावा लागत नाही. सासरकडचे मात्र पंचवीसलाच येणार. त्यांच्यासमोर ही चर्चा काढू नये.

राहिलं दुपारचं जेवण. पुलाव, कोशिंबीर, पापड, पुडिंग, सॅलड, सूप, या सगळ्यांवर मी निर्दयपणे काट मारेन. मटणाला हात लावणार नाही. हाडासकट माणशी दोनशे ग्रॅम, वीस माणसांना चार किलो. खाटिकाला तेवीसलाच सांगून ठेवायचं, पंचवीसच्या सकाळी तिथली रांग पाहून उपासनेला उशीर होतो. मसाला आदल्या रात्री वाटून ठेवायचा: सुकं खोबरं, खसखस, धणे, कांदा, आणि रंगाला भिवापुरी मिरची. एवढ्या चार किलोंत दोन किलो सोयाबीनच्या वड्या मिसळल्या तर खर्च वाचेल, असं साध्या नाताळाच्या मीटिंगमध्ये एकाने सुचवून पाहावं. त्याच्या ताटातला रस्सा तिथल्या तिथे पातळ होतो.